अर्धं जावळ

सटवाईचं बेट
चैत्र वद्य चतुर्थी, सन १९५५

राधाकिशन,

वर आशीर्वाद लिहिला न्हाई. मागं दोनदा लिहिला, दोन्ही पत्रं तू न फोडता परत धाडलीस. आशीर्वाद काय पोस्टात हेलपाटे घालायची चीज हाय का? हे पत्र मात्र फोड. न्हाई फोडलंस तर नुकसान माझं न्हाई, तुझं हाय.

पुनवेची जत्रा भरली आन दुसऱ्या दिवशी दुपार कलताना बेटावर वादळ आलं. वळीव म्हणू नको. वळीव मी साठ बघितले. मावळतीकडून आधी लाल धूळ आली, नदीचं पाणी दिसेना. आप्पाराव गुरवानं यंदा दुकानांवर पत्रे टाकले होते, पाल वाईट दिसतं म्हणून. ते पत्रे आधी उठले. एक पत्रा रेवडीवाल्याच्या खांद्यातून असा गेला की हात तराजूसंगट खाली पडला. तो हाताकडं बघत उभा राहिला आन मग खाली बसून दुसऱ्या हातानं रेवड्या वेचायला लागला. वेचता वेचताच आडवा झाला.

मग गारा. बत्त्याच्या डोक्याएवढ्या. नवसाच्या बकऱ्या दाव्याला बांधल्या होत्या, त्या उभ्याच्या उभ्या मेल्या. देवळाच्या ओवरीला पंचवीस वर्षांचे पाळणे टांगलेले, तुझ्या बापानं घडवलेले, मी त्यावर लेकरांची नावं लिहिलेले. ते सगळे सुटले आन माणसांच्या तोंडावर येऊन आदळायला लागले. बोरीच्या एका बाईच्या कपाळात कुण्या लेकाच्या नावाचा पाळणा घुसला. वर माझंच अक्षर. तुझ्या बापानं त्या नावांपुरतीच अक्षरं मला शिकवली, त्यापलीकडं माझी शाळा न्हाई. जोडाक्षर चुकलं तर समजून घे.

एकोणीस माणसं मेली. आपलं घर उभं हाय, छपराचा पाचोळा गेला.

आता जे लिहायचं ते लिहिते. गोजर तुला काय सांगून निघाली? वालूरला माहेरी लग्न हाय म्हणून ना? ती वालूरला गेली न्हाई. सूनबाई इथं आली होती, तुझ्या पोराला घेऊन, जावळ काढायला. न्हावी बसतात तो कडूलिंब पडला, त्याखाली सापडली. पंचवीस जणांनी खोड हलवलं. तिच्या पाठीचं काय झालं ते लिहीत न्हाई. पोरगं तिच्या पोटाखाली होतं, जित्तं, अंगावर ओरखडा न्हाई. बाहेर काढलं तर आधी शिंकलं.

तुझी वाट बघितली न्हाई. एवढ्या उन्हात मढं थांबत न्हाई. वाळूवर एकोणीस जळाली, त्यात आपली एक.

ती लिंबाखाली कशाला बसून राहिली ते तिलाच ठाऊक. तिला मी बोलावलं न्हाई. पोराला आकडी येते, रेल्वेच्या डॉक्टरच्या बाटलीनं उतार न्हाई, 'आत्याबाई, तुमीच काहीतरी करा' असा तिचाच निरोप होता. मी म्हणाले, घेऊन ये. एवढंच.

पोराच्या डोक्याचं उजवं अंग झालं, डावं राहिलं. वैजीनाथ न्हाव्यानं वस्तरा पुसला आन तेवढ्यात ते झालं. त्याची बोटं खोडाखाली चेचली. दस्तूर तू विसरला नसशील: जावळासाठी आलेलं लेकरू अर्ध्या डोक्यानं पाण्यावरून परत न्यायचं न्हाई. दुसरा न्हावी आला की पुरं करते. मग ये आन घेऊन जा. तोवर ते माझ्यापाशी हाय, बकरीचं दूध पितं.

तुझी आई
धुरपदाबाई


चैत्र वद्य द्वादशी

राधाकिशन,

तुझं उत्तर न्हाई. ठीक हाय, मीच लिहिते.

एकही नाव भरून आली न्हाई. बन्सीधर कोळी रोज पल्याडच्या घाटावर नाव लावून बसतो आन रोज रिकामा येतो. पार परभणीपर्यंत बोभाटा झाला की बेटावर सटवाई खवळली, लेकरं न्याल तर खाऊन टाकील. चाळीस घरं हायत, एकालाही शेत न्हाई. वाळूत दोन महिने टरबूज येतं, ती वाळू गारांनी फोडली. बाकी दिवस आमाला दुसऱ्यांची लेकरंच खाऊ घालतात. कुणी त्यांना झोपायला ओवरी देतं, कुणी नारळ, कुणी भाकर, मी पाळणे. लेकरू आलं न्हाई तर चूल न्हाई. तू म्हणायचास ना, तुमची देवी न्हाई, दुकान हाय? आता दुकान बंद हाय, ये बघायला.

भुकेला माणूस काय करतो ते तुला सांगते. कारण शोधतो.

परवा देवळापुढं बैठक बसली. आप्पाराव गुरव मधी, लोड न्हाई तरी लोडाला टेकल्यासारखा. म्हणाला, "विघ्न कुठून आलं ते आधी बघा. मामाच्या मांडीवर बसवायचं लेकरू आईच्या मांडीवर बसवलं. बापाचा रुकार नव्हता. बाप कोण? ज्यानं ह्याच घाटावर उभं राहून यात्रेकरूंना सांगितलं की जावळ कुठंही काढा, सटवाई काय इथंच बसलीय का."

मी म्हणाले, "आप्पाराव, वादळ आधी निघालं का वस्तरा आधी लागला? मावळतीकडून येणाऱ्या वाऱ्याला कळलं कसं की वैजीनाथ आज मामा नसताना बसणार हाय?"

माणसं हसली न्हाईत. पोटात असलं की हसू येतं.

तेवढ्यात आपली शेजारीण बायनाबाई उठली. तिचा कर्ता लेक पत्र्यानं कापला, तुला ठाऊक नसंल. तुझ्या बरोबरीचा होता. तिच्या हातात वरवंटा. सरळ पोराकडं आली आन वर उचलला. मी मधी पडले. वरवंटा माझ्या दंडावर बसला, अजून हात वर जात न्हाई. मी तिच्या मनगटाला चावले. म्हातारीच्या तोंडात सात दात, पर सातही कामाचे. हाडाला लागेस्तोवर सोडलं न्हाई. चाळीस वर्षं जिच्याकडून मी विस्तव आणला, तिचं रक्त माझ्या हनुवटीवरून गळायलं होतं.

मग दोघंतिघं बोलले की डोहात सोडा, अर्धं तिचंच हाय, तिला देऊन टाका, म्हणजे शांत होईल. कोण बोललं ते मला ठाऊक हाय. त्यांच्या लेकरांच्या पाळण्यावर नावं मीच लिहिलीत.

मी पोराला घेऊन देवीच्या गाभाऱ्यात शिरले आन आतून कडी घातली. बाहेर दगड बसायले दारावर. पोरगं दगड बसला की टाळ्या वाजवायचं. त्याला वाटलं खेळ हाय.

आमाला सोडवलं कुणी, सांगू? एका येड्या बाईनं. जिंतुराकडची, लेकरू जगत न्हाई म्हणून पायी आलेली, बोभाटा तिच्या कानावर आला नव्हता. बन्सीधरनं तिला आणलं. दर्शन द्या म्हणून ती दारावर रडायला लागली तशी मी कडी काढली, आन तिनं पोराचं डोकं बघितलं, इकडून तुळतुळीत, तिकडून काळंभोर जावळ. ती तिथंच पालथी पडली. "अर्धं घेतलं, अर्धं ठेवलं गं माय, ह्याला तिनंच राखलं," म्हणून जमिनीवर डोकं आपटायला लागली. नारळ फोडला. सगळ्यांनी दगड खाली टाकले. एकदम न्हाई, एक एक.

आप्पाराव तिच्याकडं बघायला लागला, मग पोराकडं, मग रिकाम्या घाटाकडं. त्याचं तोंड बघून मला बकरीचा बाजार आठवला.

न्हावी अजून मिळाला न्हाई.

धुरपदाबाई


वैशाख शुद्ध पंचमी

राधाकिशन,

परवा आकितीच्या सणाला तू आलास. मला ठाऊक हाय.

लोक तुला सांगतील की म्हातारीला पत्ता नव्हता, घरात कोंडली होती. खोटं हाय. मी देवळामागून बघितलं. पल्याड घाटावर तू उभा होतास, रेल्वेची खाकी घालून. नाव मागितलीस. इकडं बन्सीधर उठला तर आप्पारावनं त्याच्या हातातलं वल्हं काढून घेतलं. तू ओरडलास, "माझं पोरगं द्या!" आन डोहात उडी घातलीस. पोहायला तुला मीच शिकवलं, कमरेला भोपळा बांधून. चांगला पोहायलास. बेटाच्या काठाला हात लागला तोवर चार जण बांबू घेऊन उभे होते.

पहिला बांबू डोक्यात बसला तो आवाज मला देवळामागं ऐकू आला. नारळ फुटल्यासारखा. दुसरा खांद्यावर, तिसरा बोटांवर, ज्यांनी तू दगड धरला होतास त्या बोटांवर. पाणी तांबडं झालं. बन्सीधरनं शेवटी नाव घातली आन तुला केसांना धरून पल्याड नेऊन टाकलं.

मी देवळामागं बसले होते, पोराला मांडीवर घेऊन. त्याच्या तोंडात गुळाचा खडा दिला होता. तुझी हाक त्याला ऐकू येऊ न्ये म्हणून न्हाई. त्यानं ओरडू न्ये म्हणून.

आता शिव्या देऊन झाल्या असतील तर ऐक. नावा भरून यायल्यात. 'अर्ध्या जावळाचं लेकरू' म्हणून पार नांदेडाकडून गाड्या येतात. पोराला देवीपुढं लाल पाळण्यात बसवतात. पाळणा मीच रंगवला. बायनाबाईच्या घरावर नवं छप्पर पडलं, तिची चूल पेटली, परवा तिनंच पोराला पेज आणून दिली, मनगटाला फडकं बांधलेलं. मीही खाल्ली ती पेज. वैजीनाथची बोटं वाकडी जुळली पर वस्तरा धरता येतो. म्हणजे जावळ पुरं करता येईल. कुणी करू देत न्हाई.

एक वर्ष राहू दे. पुढच्या चैत्राला पुरं करू, मग ने. एका लेकराच्या जिवावर चाळीस घरं खातात, त्यात त्याचं काय झिजतं? गादीवर बसतं, गूळ खातं.

सहा वर्षांमागं ह्याच घाटावर मी तुला वल्ह्यानं मारलं, तुझ्या कानाचा वरचा तुकडा गेला. तू यात्रा मोडायला निघाला होतास म्हणून मारलं. अजून सांगते, त्या दिवशी मारलं नसतं तर तुला बाकीच्यांनी जित्ता सोडला नसता. पर तुला वाचवायला म्हणून मी मारलं न्हाई. मला राग आला होता म्हणून मारलं.

डोक्याची जखम शिवून घे. हळद भरू नको, चिघळते.

धुरपदाबाई


वैशाख पुनव

कार्ड लहान हाय.

उजवीकडं केस उगवायला लागलेत. केसाला दस्तूर कळत न्हाई. यात्रेकरू म्हणायला लागले, हे तर साधंच लेकरू दिसतं. आप्पाराव म्हणाला, दर शुक्रवारी उजवी बाजू काढायची. वैजीनाथ न्हाई म्हणाला, त्याच्या वाकड्या बोटांवर आप्पारावनं वहाण ठेवून भार दिला. मग तो हो म्हणाला.

डोकं कुणी धरायचं म्हणून विचारलं. मी धरलं.

धु.


पूर्णा, तुझ्या क्वार्टरची पायरी
वैशाख वद्य अष्टमी

राधाकिशन,

मी तुझ्या दारात बसलेय आन तुला पत्र लिहायलेय. हसशील. तोंडानं सांगितलं असतं, पर खालचा ओठ फुटून दोन बोटं सुजलाय आन सातातले चार दात गेलेत. बोलले की नुसता फूं फूं आवाज निघतो. तुझ्या शेजारणीनं मला भिकारीण समजून भाकर दिली. चांगली बाई हाय, भाकर मात्र कच्ची भाजते. ती म्हणाली तू रेल्वेच्या लाकडाच्या कारखान्यात हायेस, भोंगा झाला की येशील. कागद पेन्सील तिच्याच पोरीची.

पोरगं मांडीवर हाय. कागदाचा कोपरा चघळायलंय, तो भाग वाचता आला न्हाई तर त्याला विचार.

आधी त्याच्या डोक्याचं सांगते, तू घाबरशील म्हणून. डाव्या बाजूला जे खपलीचे डाग हायत ते रोग न्हाई. लोकांनी केस उपटले. ज्या बाईला लेकरू जगत न्हाई तिनं डाव्या बाजूचा एक केस पदरात बांधून न्यायचा, असं निघालं. निघालं काय, मीच बोलून बसले. ती जिंतुराची बाई पायाशी रडायली होती, गप होईना, मी म्हणाले घे एक केस आन जा घरी. एकीला दिला, दुसरीनं मागितला. पाचवीनं मागितलाच न्हाई, हात घातला. परवाच्या मंगळवारी तीन नावा एकदम आल्या. पोरगं पाळण्यात, आन चाळीस हात पाळण्यात. ते ओरडत होतं तर म्हणायल्या, "देवी बोलतीय!" एकीच्या मुठीत केसांसंगट कातडं आलं. मी तिचं तोंड ओरबाडलं, तिनं माझ्या हातावर डोकं टेकवलं, प्रसाद समजून. असल्या माणसांशी भांडायचं तरी कसं?

मी आप्पारावला म्हणाले, "आता बास. पाळणा आत घे."

तो म्हणाला, "धुरपदाबाई, केस हायत तोवर यात्रा हाय."

"आन केस सरल्यावर?"

"कातडी हाय की."

चेष्टेत बोलला. आजूबाजूचे हसले. ह्या वेळेला हसले, पोटं भरली होती ना.

शुक्रवारी सकाळी वैजीनाथ वस्तरा घेऊन आला. मी डोकं धरलं. हे पोरगं आता वस्तरा ओळखतं. ओरडलं न्हाई. त्यानं काय केलं सांगू? त्यानं मान आपणहून डावीकडं कलती केली, उजवी बाजू वर करून दिली. बारा महिन्यांचं लेकरू. बैल जू बघून मान देतो तसं.

मी वैजीनाथला म्हणाले, "वस्तरा मीट." तो म्हणाला, "काकू, माझी बोटं..." मी म्हणाले, "तुझी बोटं मेलीत. मीट."

देवळाच्या कोपऱ्यात ते वल्हं होतं. आप्पारावनं बन्सीधरकडून काढून घेतलेलं. तेच, ज्यानं तुझा कान गेला. मी पोराला काखेत मारलं, एका हातानं वल्हं धरलं, दुसरा तर बायनाबाईच्या वरवंट्यापासून वर जात न्हाई. आप्पाराव दारात आडवा आला. हात पसरून म्हणाला, "म्हातारे, चाळीस घरांच्या ताटात माती कालवायलीस." मी म्हणाले, "कालवायलेय." आन वल्हं आडवं घातलं. जबड्यावर बसलं. तो बसला तसाच बसून राहिला, तोंडातून लाळ आन रक्त, बोटानं स्वतःचा जबडा जागेवर हाय का बघत. मेला न्हाई. मरायला पाहिजे होता असं मी म्हणत न्हाई, पर मला वाईटही वाटलं न्हाई.

घाटापर्यंत पन्नास पावलं. त्या पन्नास पावलांत सगळं बेट मागं लागलं. पहिला दगड पाठीत, दुसरा घोट्यावर. वळून ओरडायला तोंड उघडलं तर तिसरा तोंडात. दात गिळले असतील, दिसले न्हाईत. कोण मारायलं होतं? ज्यांच्या बाळंतपणाला मी गरम पाणी नेलं ते. बायनाबाई वाटेत उभी होती, हातात दगड. माझ्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं. तिनं मारला न्हाई. खाली पण टाकला न्हाई. बाजूला सरली.

नावेत बन्सीधर. पोराचं डोकं बघून उठून उभा राहिला. "मावशी, अर्ध्या डोक्यानं पाण्यावरून? मी न्हाई नेणार. माझी पण लेकरं हायत."

मी वल्हं त्याच्यापुढं धरलं. बोलता येत नव्हतं, रक्त थुंकले नावेत. तो म्हणाला, "काय झालं तर?"

मी हातानंच विचारलं, अजून काय व्हायचं राहिलंय?

त्यानं नाव सोडली.

डोहाच्या मधी आले तेव्हा मी आभाळाकडं बघितलं. खोटं कशाला बोलू, बघितलं. ऊन होतं. एक घार होती. पाणी जसं असतं तसं. पल्याड वाळूला नाव लागली, मी उतरले, काही झालं न्हाई, राधाकिशन. साठ वर्षं ज्याला भिऊन राहिले ते एवढंच होतं. नाव वाळूला लागते आन माणूस उतरतो.

आन तिथं मी घाटावरच बसले. आता ते लिहिते. हे लिहायला मला चार पत्रं लागली.

गोजर लिंबाखाली बसून राहिली न्हाई.

लाल धूळ दिसली तेव्हा बन्सीधर ओरडायला लागला, लेकरांच्या आयांनो चला, एक फेरी होईल. गोजर पोराला घेऊन धावली. नावेत जाऊन बसली. कडेला, निळं लुगडं, पोराच्या अर्ध्या डोक्यावर पदर. मी मागं गेले. म्हणाले, उतर. ती म्हणाली, "आत्याबाई, जाऊ द्या. बघा की आभाळ." मी म्हणाले, अर्धं डोकं हाय. ती म्हणाली, "राहिलेलं मी घरी काढते, तुमच्या पाया पडते." नावेतल्या बाया पण बोलायला लागल्या, अर्ध्या जावळाचं लेकरू नावेत नको, उतर गं, आमची लेकरं हायत. मी तिचा दंड धरला. ती सोडेना, तिनं नावेची कड धरली होती. मी तिची बोटं एक एक सोडवली. चांगल्या जोराची होती पोर. मग ओढून वाळूवर आणली आन म्हणाले, जा, वैजीनाथपाशी बस, घडीभराचं काम हाय.

ती गेली. सुनेला सासूचं ऐकायची सवय असते.

ती नाव पोचली, राधाकिशन. अकरा बाया, तेरा लेकरं. वारा पुरता सुटायच्या आत पोचली. पल्याडच्या देवळात बसून त्यांनी आपलं बेट उडताना बघितलं. गोजरची जागा तिच्यात होती. माझ्या हातानं रिकामी झाली.

म्हणून मी पोराला बेटावर धरून बसले. दस्तूर खरा नसंल तर मी सुनेला कशासाठी ओढलं? तो खरा असलाच पाहिजे होता. अर्धं डोकं अर्धं राहिलं पाहिजे होतं. हे मला परवापर्यंत कळलं न्हाई. कळलं असं म्हणणं पण खोटं हाय. मी तिकडं बघितलं न्हाई.

पोराला इतक्या दिवसांत आकडी दोनदा आली. म्हणजे ज्यासाठी आणलं तेवढंही सटवाईनं केलं न्हाई. रेल्वेच्या डॉक्टरला परत दाखव. बाटली संपेस्तोवर दे, मधी सोडू नको, गोजरनं मधी सोडली होती. बकरीचं दूध गाळून. गूळ मागंल, देऊ नको. गूळ दिसला की ते गप बसतं, ती सवय मोडली पाहिजे. वस्तरा घरात ठेवू नको. केस राहू दे जसे येतील तसे. मी त्याला सटवाजी म्हणायचे. गोजर सांगायची की तू प्रल्हाद ठेवलंयस. गाडीत मी तीनदा त्या नावानं हाक मारली, फुटक्या तोंडानं. तिसऱ्यांदा बघितलं त्यानं.

मी परत बेटावर जाणार न्हाई, जाऊ देणार न्हाईत. तुझ्या घरातही शिरणार न्हाई. परभणीच्या स्टेशनाबाहेर एक बाई चुलीवर भाकरी विकते, तिला थापायला हात पाहिजे म्हणाली. एक हात हाय माझ्याकडं.

भोंगा झाला. माणसं सुटली. तू येताना दिसायलास, डोक्याला अजून पट्टी हाय, डावा पाय जरा ओढतोस. तुला अजून आमी दिसलो न्हाईत.

ते वल्हं मी संगं आणलंय. काठी म्हणून टेकत आले, गाडीत तिकीटवाला म्हणाला, आज्जी, इथं कुठं पाणी हाय. तुझ्या चौकटीला उभं करून ठेवलंय. हे पत्र तुझ्या हातात देईन आन इथंच बसून राहीन, तुझं वाचून होईपर्यंत.

आधी पोरगं घरात नेऊन ठेव. मग वल्हं उचल.